आवाज माझा गेला नव्हता

मित्रांनो, मी बत्तीस इंचांचा जुना टीव्ही आहे. जुना म्हणालात तर माझी हरकत नाही. नऊ वर्षं वापरलेल्या वस्तूला नवी कोण म्हणेल? पण तीन वर्षं मला बिघडलेला म्हटलं गेलं. माझ्या डोक्यावर चापट्या बसल्या, माझी पाठ उघडून आतल्या तारा उचकल्या गेल्या, आणि माझा त्यात काडीचाही दोष नव्हता. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. आज तो तुमच्यासमोर बोलून दाखवणार आहे.

कारखान्यात मला कोणी जोडलं, ते मला आठवत नाही. आठवतं ते सुरतेतल्या उधना भागातलं दुकान. तिथे आम्ही वीसेक टीव्ही एका भिंतीवर ओळीने लावलेले होतो आणि सगळ्यांवर एकच फुलांची फिल्म चालू होती. रंग इतके भडक करून ठेवले होते, की फुलं पेटल्यासारखी दिसत. गिऱ्हाइकाने भुलावं म्हणून ही युक्ती असते. खरा रंग घरी गेल्यावर कळतो.

एका रविवारी निंबा, त्याची बायको रंजना आणि त्यांची मुलगी विशाखा दुकानात आली. निंबाचं गाव खानदेशात. पोटासाठी तो सुरतेला आला होता आणि तेव्हा पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होता. विशाखा दुसरीत होती. घरात ही माणसं अहिराणी बोलतात. मी त्यांचं बोलणं तुम्हांला कळेल अशा मराठीत सांगतो. एकदोन वाक्यं मात्र जशीच्या तशी सांगावी लागतील.

रंजना घरून तयारीने आली होती. बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंतचं अंतर तिने साडीच्या जुन्या काठाने मोजून, तो काठच पिशवीत आणला होता. दुकानदार चाळीस इंचांचा टीव्ही गळ्यात मारू बघत होता. तिने काठ जमिनीवर पसरला आणि एवढ्याशा खोलीत एवढा मोठा पडदा लावला तर मुलीचे डोळे जातील, असं सांगून त्याला गप्प केलं. मग बत्तीस इंचांचे आम्ही दोघेच उरलो. मी आणि माझ्या शेजारचा. तो माझ्यापेक्षा चकचकीत होता. विशाखाला तोच हवा होता.

निंबा पुढे आला, डोळे मिटले आणि दोघांजवळ कान नेला. तो म्हणाला, पडदा पांढरा झाला की या चकचकीत टीव्हीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. दुकानदाराला काही ऐकू येईना. त्याने आपल्या दोन माणसांना बोलावलं, त्यांनाही येईना. पण शिट्टी खरी होती. मी तर तिच्या शेजारीच राहत होतो. निंबाने मला निवडलं. मित्रांनो, त्या माणसाने मला कानाने पारखून घेतलं. असे तीक्ष्ण कान मी पुन्हा पाहिले नाहीत.

घरी आल्यावर मला भिंतीवर बसवायला एक माणूस आला. त्याने मला दाराच्या चौकटीच्याही वर टांगलं आणि सगळीकडे असंच लावतात असं सांगितलं. रंजना जमिनीवर बसली, मान वर करून दोन मिनिटं बघितलं आणि त्याला मला खाली घ्यायला लावलं. आम्ही जमिनीवर बसून बघतो, तर टीव्ही जमिनीवर बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवा, असं तिचं म्हणणं. खिडकीचा उजेड माझ्यावर पडू नये म्हणून तिने खिडकीच्या पडद्याची दोरीही बदलली. दुकानातले भडक रंग उतरवून माणसांचे चेहरे माणसांसारखे केले. आवाज चौदावर ठेवला. चौदावर त्या खोलीत सगळं स्वच्छ ऐकू यायचं. शेजारी चंद्रभागाबाई राहायच्या. मधली भिंत एका विटेची, पण त्यांना कधी त्रास झाला नाही. उलट मालिकेच्या वेळी त्या स्वतःच आमच्याकडे येऊन बसायच्या.

ते दिवस चांगले होते. माझी स्तुतीही व्हायची. गावाकडून पाहुणे आले की रंजना आधी मला पुसायची, मग चहा टाकायची.

मला आणलं त्याच्या पुढच्याच वर्षी निंबाने काम बदललं. पलसाण्याला जाण्या-येण्यात फार वेळ जातो म्हणून तो उधन्यातच यंत्रमागावर लागला. मागांच्या कारखान्याला तिथे खातं म्हणतात. एका खात्यात पन्नास-साठ माग एकाच वेळी खडखडत असतात. बारा तासांची पाळी. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, खुणा करतात. ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. कानात घालायला कोणाला काही दिलेलं नव्हतं.

आता आकड्यांकडे लक्ष द्या. आवाज वाढवला की माझ्या पडद्यावर आकडा येतो. तो मला दिसतो, घरातल्या माणसांनाही दिसतो. चौदाचे अठरा झाले, अठराचे बावीस. दोन-तीन वर्षांत तीस. मग चौतीस. आकडा रोज त्यांच्या डोळ्यांसमोर चढत होता आणि एकालाही प्रश्न पडला नाही, की टीव्ही तोच, खोली तीच, मग असं का होतंय?

निंबा म्हणायचा, "आवाज कमी शे." म्हणजे आवाज कमी आहे. रंजना वाढवायची. मग तो म्हणायचा, आवाज येतोय पण शब्द फुटके येतात. एक दिवस त्याने निकाल लावून टाकला: याचा स्पीकर गेला. आणि उठून माझ्या डोक्यावर चापट मारली.

ती पहिली चापट. त्यानंतर मोजणं मी सोडून दिलं.

खरं सांगतो, आमच्या जातीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर फार मोठे नसतात. ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि भिंतीला चिकटवलं की आवाज थोडा दबतो. हे मी कधी नाकारलं नाही. पण पहिल्या दिवशी मी त्याच भिंतीवर होतो आणि चौदावर सगळे खूश होते. एका साध्या गोष्टीने उलगडा झाला असता. घरातल्या तिघांना विचारायचं, तुला ऐकू येतं का? रंजनाला येत होतं. विशाखाला तर इतकं येत होतं, की ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसायची. तिघांतल्या दोघांना ऐकू येतं म्हटल्यावर दोष कोणात शोधायचा? त्यांनी माझ्यात शोधला. मी उलटून बोलत नाही ना!

आवाज पंचेचाळीसवर गेला तेव्हा चंद्रभागाबाई दारात आल्या. त्यांच्या नातीला ताप होता. भिंत थरथरते, जरा कमी करा, असं त्या समजुतीने सांगत होत्या. निंबाने त्यांचं अर्धंच ऐकलं असणार, कारण तो भलतंच बोलला. बारा तास राबून आलेल्या माणसाने स्वतःच्या घरात टीव्हीही बघू नये का, असं मोठ्याने म्हणाला. त्याला आपला आवाज किती चढलाय ते कळत नव्हतं. चंद्रभागाबाई परत गेल्या आणि त्यानंतर मालिकेला कधी आल्या नाहीत. इतक्या वर्षांचा शेजार तुटला. रंजनाने त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हटलं, या डबड्यामुळे भांडणं होतात. माझ्यामुळे!

मग मला तपासायला सुकदेव नावाचा मेकॅनिक आला. त्याच्यावरचा माझा राग सगळ्यांत जास्त आहे. त्याने माझी पाठ उघडली, दोन्ही स्पीकर मोजले. दोन्ही ठणठणीत होते. मग पाठ बंद करून त्याने आवाज निंबाला लागतो तितका, म्हणजे अठ्ठेचाळीस केला आणि पटकन स्वतःच्या कानांवर हात ठेवले. मित्रांनो, त्याच क्षणी त्याला कळलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने निंबाकडे पाहिलं, निंबा शांतपणे माझ्याकडे बघत बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते न बोलता सुकदेव म्हणाला, स्पीकर कमजोर झालेत, जुना माल आहे, आता नवा मोठा टीव्ही घ्या आणि त्याच्याखाली लावायला साउंडबार घ्या. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट, वेगळा स्पीकर. ज्या दुकानातून घ्यायचा, त्याचं नावही त्यानेच सुचवलं.

अशा रीतीने माझ्यावर शिक्का बसला.

यंदाच्या फेब्रुवारीत नवा टीव्ही आला. त्रेचाळीस इंचांचा, इंटरनेटवर चालणारा. रिमोटमध्ये बोललं की ऐकणारा. रविवारची सकाळ होती. दुकानाच्या फिटरने मला भिंतीवरून उतरवून समोरच्या भिंतीशी टेकवून ठेवलं. माझी वायर गुंडाळून माझ्याच पायाशी ठेवलेली. तिथून मला सगळं दिसत होतं.

नवा टीव्ही लागला, साउंडबार त्याच्याखाली बसला. विशाखा आता अकरावीत आहे. वायफाय जोडणं, इंटरनेटवरचं खातं उघडणं, हे तिने केलं. गाण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. चित्र काय सुंदर होतं, ते मी शत्रू असूनही मान्य करतो. पडद्यावर एक मुलगी डोळे मिटून गात होती.

पण आवाज नव्हता. अजिबात नव्हता. फिटरने वायर चुकीच्या खाचेत घातली होती. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि योग्य खाचेत बसेल अशी दुसरी वायर आणायला तो खाली आपल्या गाडीकडे गेला. खोलीत पंख्याची घरघर सोडली तर शांतता होती. निंबा पडद्यासमोर मांडी घालून बसला होता. तो बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होता.

रंजना स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. तिला वाटलं, अजून सगळं जोडायचंय. विशाखा मात्र आपल्या वडिलांच्या बोटांकडे बघत होती. ती त्यांच्यासमोर येऊन बसली आणि तोंड नीट उघडून तिने विचारलं, "पप्पा, आवाज कसा आहे?"

निंबाने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "आते बरोबर शे."

आता बरोबर आहे.

रंजनाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. फिटर वायर घेऊन दारात आला होता, तो तिथेच थांबला. विशाखाने रिमोट खाली ठेवला आणि हळूच सांगितलं, "पप्पा, आवाज चालूच नाहीये."

तिला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी निंबाचं हसू गेलं. तो एकदा टीव्हीकडे, एकदा मुलीकडे बघत राहिला. फिटरला रंजनाने नंतर यायला सांगितलं.

मग निंबा बोलला. खाली बघत, चटईची काडी नखाने सोलत. "माले ऐकू येत नही."

तीन वर्षं झाली होती. आधी पक्ष्यांचे, शिट्ट्यांचे बारीक आवाज गेले. मग बायकांचं आणि मुलांचं बोलणं अस्पष्ट झालं. कानात सतत किर्र वाजत राहायचं, रजेच्या दिवशीही. बातम्या तो खालच्या धावत्या ओळी वाचून समजून घ्यायचा. मालिकेत रंजना हसली की तो हसायचा. खात्यात एका कारागिराला शेठची हाक ऐकू आली नाही म्हणून शेठने त्याला घरी बसवलं होतं. ते पाहिल्यापासून निंबाने तोंड उघडलं नव्हतं. मागाचा आवाज बदलला की धागा तुटल्याचं चांगल्या कारागिराला कळतं. त्याला ते कळेनासं झालं होतं. तो नुसता डोळ्यांनी काम रेटत होता.

विशाखा रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग मला इतका आपला वाटला, की काय सांगू. ती म्हणाली, "घरात तुम्ही टीव्हीला दोष देत राहिलात. आम्हाला एकदा तरी सांगायचं होतं." मग आईकडे वळली. "आणि आपण दोघींनी तरी काय केलं? आकडा रोज बघत होतो."

 रंजनाने ट्रे खाली ठेवला आणि ती निंबाच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली.

त्या मंगळवारी तिघं सरकारी दवाखान्यात गेली. तिथे काय झालं ते मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकलं. निंबाला एका बंद खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. तो बराच वेळ बटण धरून नुसता बसून राहिला. बाहेर उभ्या विशाखाला काचेतून, तपासणी करणाऱ्या बाईंच्या टेबलावरचा दिवा दिसत होता. आवाज सोडला की तो लागायचा, आणि पप्पांचं बोट हलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षांच्या आवाजाने कानाच्या आतला नाजूक भाग मरतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवता येईल, आणि कानात लावायच्या यंत्राने बोलणं समजायला मदत होईल. तीन-चार वर्षं आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं.

त्या तीन-चार वर्षांत मी रोज आकडा दाखवत होतो. अजून काय करायला हवं होतं मी?

निंबाला कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तसा तो दचकून उभा राहिला. विशाखाने नव्या टीव्हीत बोललेले शब्द खाली लिहून येतील अशी सोय चालू केली. ती सोय माझ्यात नव्हती. नव्याचा तेवढा उपयोग झाला. दुसऱ्या आठवड्यात निंबा शेजारी गेला आणि चंद्रभागाबाईंसमोर उभा राहिला. तो काय बोलला ते भिंतीपलीकडचं मला नीट कळलं नाही, पण त्या संध्याकाळी बाई येऊन आपल्या जुन्या जागेवर बसल्या.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. निंबाने शेठला जाऊन स्वतः सांगितलं. शेठने त्याला मागावरून काढून कापड तपासायच्या टेबलावर बसवलं. तिथे गोंगाट कमी, पण कारागीर म्हणून मिळणारा मानही गेला. खात्यातल्या बाकीच्यांना कानांसाठी काहीतरी द्या, असं निंबाने म्हटलं तेव्हा शेठने हसून कापसाचे बोळे वाटले. कापसाचे! ज्या आवाजाने माणसाचं ऐकणं मेलं, त्याच्यासमोर कापूस.

आणि मी? माझी कोणी माफी मागितली नाही. टीव्हीची माफी कोण मागतं? रंजनाने मला पुसलं, चादरीत गुंडाळलं आणि सुपडूच्या घरी पाठवलं. सुपडू त्याच खात्यात मागावर काम करतो, निंबाहून चार वर्षांनी मोठा. त्याचा टीव्ही बंद पडला होता. मला वाटलं, चला, नव्या घरी तरी मान मिळेल.

सुपडूने मला कपाटावर ठेवलं, वायर लावली आणि बातम्या सुरू केल्या. आकडा चढू लागला. वीस, तीस, चाळीस, पन्नास. बावन्नवर तो थांबला, मान हलवली आणि बायकोला म्हणाला, निंबाने बिघडलेला टीव्ही दिला. आणि माझ्या डोक्यावर हाताचा पंजा बसला.

संतापाने माझा पडदा फुटायचा बाकी होता.

तिसऱ्या दिवशी निंबा सहज चक्कर मारायला आला. जिन्यातच त्याला माझा आवाज ऐकू गेला असणार, कारण आत आला तो तडक माझ्याकडे. त्याने मला बंद केलं. सुपडू चिडून बघायला लागला. निंबा त्याच्यासमोर बसला, आपल्या कानातलं यंत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं, आणि त्याला ओठ दिसतील असं सावकाश बोलला. "टीव्हीले काही व्हयेल नही, सुपडूभाऊ. आपला कान गयात."

टीव्हीला काही झालेलं नाही. आपले कान गेलेत.

सुपडूने यंत्र परत केलं. मला सगळं ऐकू येतं, असं म्हणाला. शेठला कळलं तर काय होईल, हेही म्हणाला. निंबाने वाद घातला नाही. मंगळवारी सकाळी येतो, एवढं सांगून गेला.

आज मंगळवार. सकाळी दार वाजलं. सुपडू दाराकडे पाठ करून चहा पीत होता. त्याने मान वळवली नाही. त्याची बायको पाण्याला गेली होती. दार पुन्हा वाजलं, पुन्हा वाजलं. शेवटी निंबा दार ढकलून आत आला, सुपडूच्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि त्याचा दंड धरला. सुपडूने आधी दाराकडे पाहिलं, मग निंबाकडे. दार किती वेळा वाजलं, हे त्याने विचारलं. निंबाने तीन बोटं दाखवली. मग सुपडू उठला आणि चपला शोधायला लागला.

ते दोघं अजून परतलेले नाहीत. मी बंद आहे, कपाटावर.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा टीव्ही आणायचा असेल तर जरूर आणा. खोली मोजा, अंतर मोजा, डोळ्यांच्या उंचीवर लावा. पण जुन्याचा आवाज कमी पडतोय असं घरात कोणी म्हणालं, तर लगेच दुकान गाठू नका. आधी त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभे राहा आणि हळू आवाजात त्याला हाक मारा. त्याने वळून पाहिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचा हात धरून दवाखान्यात घेऊन जा. तो नाही म्हणाला तरी घेऊन जा.